कमानीचे झाप

आमच्यासाठी कोणी आकाशातून येईल, यावर माझा विश्वास नव्हता. देव मी मानत होतो, पण आमच्या तोंडवली गावापर्यंत यायला त्याला सवड असेल का, याची शंकाच होती. गोवा मुक्त झाल्यानंतरची ती वर्षं. भर श्रावणात माझी पत्नी पहिल्या बाळंतपणात अडली. खाडीला पूर होता, पलीकडे नेणारी तर बंद होती आणि समुद्र खवळलेला. आमचं नशीब एवढंच, की सरकारी दवाखान्याचे डॉक्टर पूर येण्याआधी गावात पोचले होते. शस्त्रक्रियेवाचून दोघंही वाचणार नाहीत, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पुरासाठी आलेल्या पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरून त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. उत्तर आलं, की गोव्याहून हेलिकॉप्टर निघतंय. किनारा मोकळा ठेवा, वारा कळण्यासाठी धूर करा.

असली विमानं मंत्र्यांसाठी असतात, असं मी पुटपुटलो. गावाने मात्र ऐकताक्षणी कामाला हात घातला. होड्या वर ओढल्या, जाळी उचलली. आणि सरकारी पाहुणा येणार म्हटल्यावर आमची माणसं नेहमी जे करतात तेही केलं. घरोघरच्या माळ्यावरून नारळीच्या झावळ्यांचे विणलेले कोरडे झाप आणून वाळूत चांगली दणदणीत कमान उभी केली. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. पंख्याच्या वाऱ्याने हे सगळं उडून यंत्रात जाईल, म्हणाले. सगळे हिरमुसले. कमान मोडून झाप एका उपड्या होडीखाली ढकलले.

मग पाऊस कोसळला आणि धुरासाठी रचलेली लाकडं भिजून गेली. ढगांच्या वर घरघर ऐकू आली, आमच्या डोक्यावरून गेली आणि दूर जाऊ लागली. देवाकडे मागणं मी सोडून दिलं. मी नुसता वाळूत बसलो. तेव्हा देवळातले वयस्क गुरव आबा पुढे झाले आणि वरच्यांना आम्ही दिसावं म्हणून त्यांनी भर पावसात देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आमची सून अडली हा. आमी खंय आसव ता तेंका दिसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा किनारा म्हणाला.

तेवढ्यात कोणाला तरी होडीखालच्या झापांची आठवण झाली. पाऊस जरा ओसरला होता. कोरडे झाप धडाडून पेटले, वर ओल्या झावळ्या टाकल्या आणि दाट पांढरा धूर माडांच्या वर गेला. गेलेली घरघर परत फिरली.

हेलिकॉप्टर वाळूत उतरलं. वैमानिकाने आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. रुग्ण कुठे आहे, एवढंच विचारलं. डॉक्टर सोबत गेले. माझी मुलगी त्याच दिवशी गोव्याच्या सरकारी इस्पितळात जन्मली आणि तिची आईही सुखरूप परतली. एका शेतकऱ्याच्या बायकोसाठी सरकारने आकाशातून माणूस पाठवला, याचा अभिमान मला आजही आवरत नाही. तेवढाच अभिमान त्या मोडलेल्या कमानीचाही आहे. आम्ही भोळेपणाने उभं केलं ते देवाने नाकारलं नाही, फक्त त्याला हवं तसं वापरून घेतलं. तेव्हापासून हातून होईल ते करतो आणि पुढचं त्याच्यावर सोपवतो.

त्या वर्षीच्या जत्रेत गुरव आबांनी गाऱ्हाण्यात एक ओळ वाढवली, ती आजतागायत म्हटली जाते. "त्या इमानवाल्याचा नाव आमका ठावक नाय, पण तो जंय असात थंय तेका सुखी ठेव रे म्हाराजा."

लेकीला खांद्यावर घेऊन मी उभा होतो. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.