बिडीएवढी ओळ

सरळच सांगते. त्या महोत्सवात माझ्या आईचं गाणं मी बंद पाडलं. आयोजकांनी नाही, माइकवाल्यानं नाही, समुद्रावरच्या दमट हवेनंही नाही. इतकी वर्षं चौकाचौकांत पत्रकं वाटताना ‘जबाबदार कोण?’ असा मथळा मी ठोकत आले. या एका बाबतीत उत्तर मला माहीत आहे.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो, बिडी कामगारांच्या घरकुलांत. आई परकरात होती तेव्हापासून बिड्या वळते. दाराशी पाय पसरून बसायचं, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, कडेला तंबाखू. पान उचलायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, टाकायची. की दुसरं पान. शेजारची अक्का तेलुगू विणकराच्या घरातली. तिच्या दारात दुपारचं ऊन येतं म्हणून ती सूप उचलून आमच्या दारात येते. आणि दोघी गातात. आई ओळी बांधते, जागच्या जागी, त्या दिवशी जे मनात असेल ते. अक्का मागून झील धरते. झील कायम एकच.

*पान भिजलं रातीला, कापलं मी उजाडता,*
*लेक वाचती पुस्तक, माझी बिडी वळता वळता.*

आणि अक्का, तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत: *वळ गं बाई वळ, पान सुकाया लागलं.*

कारखान्यात बिड्या तपासून बाद करणारा चेकर होता. छाट, म्हणजे बाद बिड्या, काढताना त्याचा हात सैल सुटायचा. त्याच्यावर आईनं एक बांधलं होतं:

*छाट काढली चेकरनं, मूठ भरून फोडली,*
*जाता जाता दारामागं, त्यातलीच एक ओढली.*

हे ऐकून सगळी गल्ली हसायची. दुसऱ्या दिवशी ते गाणं नसायचं, दुसरंच असायचं. मी कधी लिहून घेतलं नाही. घरात रोज वाजणारं गाणं कोण लिहून घेतं? मी असंघटित कामगारांच्या प्रश्नावर चार पानी पुस्तिका लिहीत होते, आणि कानामागं हे चाललेलं असायचं. एकदा तर मी ओरडले होते, “आई, जरा हळू, मला लिहायचंय.”

यंदा होळी झाली आणि आईचा दम अर्ध्यावर आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, मग खाली ठेवला, मग माझ्याकडं बघून बोलले, आईकडं नाही. तंबाखूच्या धुळीला हात लावायचा नाही. आवाज बसेल, मग बोलणंही जड जाईल. पावसाळ्यापर्यंत काय ते कळेल.

आईनं सगळं नीट ऐकलं आणि घरी येऊन सूप मांडीवर घेतलं.

“आई!”

“मग खायाचं काय? तुजी पत्रकं?”

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती, मोर्चातल्या लाठीची असते तशी नाही. हे गाणं जाणार. आणि ते आमच्या गल्लीबाहेर कुणी ऐकलेलंच नाही. मी मोबाइलवर काढलेली एक क्लिप होती, अर्ध्या मिनिटाची, त्यातही मागं कुकरची शिट्टी. ती मी ओळखीच्या चार लोकांना पाठवली. कुणीतरी पुढं पाठवली. आणि एप्रिलमध्ये फोन आला.

कोकणात समुद्रकाठच्या तीन लहान गावांत मे महिन्यात कला-संगीताचा महोत्सव असतो. तीन दिवस, तीन गावं. कुठं होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये, कुठं शाळेच्या पटांगणात, कुठं थेट वाळूवर. फोनवरच्या बाई गोड बोलत होत्या. आईंना बोलवायचंय, अक्कांनाही. राहण्याची सोय मासेमारी करणाऱ्यांच्याच घरात. मी लगेच हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “एक सुचवू का? त्यांनी स्टेजवर सूप घेऊन बसून, खऱ्या बिड्या वळत गायलं तर? फार ऑथेंटिक वाटेल.”

माझं डोकं सणकलं. मी त्यांना काय काय बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. थोडक्यात हे, की माझी आई कलाकार म्हणून येतेय, काचेच्या पेटीतला नमुना म्हणून नाही. ज्या धुळीनं तिची छाती खाल्ली ती धूळ तुमच्या पाहुण्यांना बघायला हवीय का? दुसऱ्या दिवशी हेच मी दोन पानी पत्र करून पाठवलं, मुद्दे टाकून. बाईंनी माफी मागितली. स्टेजवर खुर्ची आणि माइक, बस्स, असं ठरलं. मी जिंकले. ते पत्र आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा सगळ्यांनी मुठी वर केलेली चित्रं पाठवली.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, “सूप न्यायचं न्हाय?”

“नाही न्यायचं.”

“हात मोकळं ठिवून मला गाया यायचं न्हाय, बये.”

“न यायला काय झालं? गाणं गळ्यातून येतं. हातातून नाही.”

तिनं भाकरी उलटली. अक्का उंबऱ्यात होती, ती म्हणाली, “अय्यो, लेकीला विचारून गा आता, वैनी. खोकायचं पण लेटर लिहून देईल ती.” दोघी हसल्या. मीही हसले. तालीम घ्यावी असं मला वाटलंच नाही, कारण त्या दोघी रोजच गात होत्या. दारात, सूप घेऊन. ते समोर असून मला दिसलं नाही.

घाट उतरलो तेव्हा आईला उलटी झाली, मग ती खिडकीला डोकं टेकून बसली. आम्ही सोलापूरची माणसं, घाम आला की तो सुकतो एवढंच आम्हाला माहीत. तिथं सुकत नव्हता. आई सारखी म्हणायची, “हवा जड हाय गं हितली. गिळाया लागती.” पण ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी तिला पेज दिली, खाटेवर झोपवलं, आणि समुद्र बघायला नेलं. आईनं समुद्र बघितला आणि म्हणाली, “एवढं पाणी, आन् एक घोट पेवत न्हाय. ह्याचा काय उपेग?” मावशी खो खो हसल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला, ऊन अजून असताना, होड्यांच्या शेडमध्ये आईची पाळी आली. समोर खुर्च्या, मागं गावातली माणसं उभी, लहान पोरं होडीवर चढून बसलेली. आईनं मी आणलेली निळी साडी नेसली होती. ती खुर्चीवर बसली. अक्का शेजारी. दोघींचे हात मांडीवर, रिकामे.

आई सुरू झाली. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि तुटली. मला वाटलं खोकला. पुन्हा सुरू केली, या वेळी श्वास भलत्याच ठिकाणी घेतला, शब्दाच्या पोटात. अक्कानं झील धरली ती लवकर पडली. आई थांबली, अक्का थांबली. मग दोघींनी एकदमच तोंड उघडलं. कुणीतरी हसलं, वाईट मनानं नाही. मी आईच्या हातांकडं बघितलं. बोटांनी पदराचा काठ धरला होता आणि ती तो वळत होती. वळायची, मुडपायची, पण दोरा नव्हता. मग सोडायची.

तेव्हा कळलं. एक ओळ म्हणजे एक बिडी. पान उचलायला हात जातो तेव्हा ती श्वास घेते, दोरा बांधला जातो तिथं ओळ संपते, बिडी सुपात पडते तिथं अक्का उचलते. चाळीसेक वर्षं त्या दोघींना ताल धरायला दुसरं काही लागलंच नव्हतं. फोनवरच्या त्या बाईंनी सूप मागितलं ते भलत्या कारणासाठी. पण मागितलं ते बरोबर होतं. आणि मी बरोबर कारणासाठी चूक केली.

इथवर झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पुढं मी काय केलं? आई गप्प बसली होती, लोक सहानुभूतीनं टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. मी स्टेजवर चढले, माइक घेतला आणि भाषण ठोकलं. बिडी कामगारांची छाती, बायांचे वाकलेले पाठीचे कणे, ज्यांचं गाणंसुद्धा धुरात गेलं त्या पिढ्या. मला असलं बोलता येतं. न थांबता येतं. शेड दणाणली टाळ्यांनी. आईच्या वेळातली उरलेली सगळी मिनिटं मी खाल्ली.

खाली उतरल्यावर आई म्हणाली, “चांगलं बोललीस की.”

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयोजक बाईंना गाठलं आणि हात जोडले. कालची मी, दोन पानी पत्रवाली. “आजच्या गावात दहा मिनिटं द्या. सूप घेऊन बसेल ती.” त्यांनी पाहिलं माझ्याकडं, आणि एक शब्दही न ऐकवता दहा मिनिटं काढून दिली. ऐकवलं असतं तर सोपं गेलं असतं.

पण सूप कुठंय? पान कुठंय? मी त्या गावात दारोदार फिरले. सूप मिळालं, मावशींनी दिलं. तेंदूचं पान तिथं कोण ठेवतं? टपरीवर बिडीची बंडलं होती, ती घेतली, सोडवून पानं उलगडायला बसले, सगळी फाटली. मग बदामाच्या झाडाखालची पानं गोळा करायला लागले. तिथं सुकट निवडत बसलेल्या एकीनं विचारलं, “काय गो, काय शोधतंस?”

“पानं. बिडीसाठी.”

“एवढी तलप इली?”

मी रडायला लागले. तिला काय सांगणार? तिनं सुकटीचे हात पुसले आणि माझ्याबरोबर पानं गोळा केली. उगाच, कारण न विचारता.

ती पानं मी पाण्यात भिजवली, कात्रीनं कापली, तंबाखूच्या जागी गव्हाचा कोंडा ठेवला. आईपुढं सूप मांडलं. तिनं एक पान उचललं, बोटांत फिरवलं. त्याची शीर कडाक् करून मोडली. दुसरं मोडलं. तिसरं तिनं उचललंच नाही.

“ह्ये खेळण्यातलं हाय,” ती म्हणाली. “हाताला कळतंय. हात फसत न्हाईत, बये.”

“आई, फक्त दहा मिनिटं. कसंही. मी सांगते लोकांना.”

“तू सांगशीलच की.” मग माझा चेहरा बघून तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “ऱ्हाऊ दे. मला घरी ने.”

तिसऱ्या गावाला आम्ही गेलोच नाही.

पावसाळा आला. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. आता आईनं आपणहून सूप सोडलं होतं. पायरी चढली तरी तिला भिंत धरावी लागायची. ‘तंबाखूच्या कामाला पर्याय द्या’ हे पत्रक मी त्याच महिन्यात लिहिलं, छापलं, वाटलं. आणि त्याच महिन्यात, एका दुपारी, आईला नीट बसता येत होतं तेव्हा, अक्काकडून भिजवलेली खरी पानं आणि ओंजळभर तंबाखू मागून आणली. अक्काही मागोमाग आली, आईसमोर बसली. दार लावून घेतलं, कुणी बघू नये म्हणून. लाज वाटत होती. डॉक्टरांचे शब्द कानात होते, आणि तरी मी तंबाखू सुपात ओतली, धूळ उडू नये म्हणून हळू ओतली, जणू त्यानं माझा गुन्हा हलका होणार होता. मोबाइल उशीला टेकवून रेकॉर्डिंग लावलं.

“गा ना, आई. एकदा. कुणासाठी नाही, मला पाहिजे.”

“आत्ता पाहिजे व्हय तुला?” ती म्हणाली. आवाज कागदासारखा झाला होता. पण पान उचललं.

हात चालायला लागले. काय सांगू, ते तसेच होते, भरले, वळले, मुडपले. आईचे ओठ हलत होते. ती ओळ बांधत होती, मला दिसत होतं, भुवई उडाली तेव्हा त्यात काहीतरी खोडकर होतं हेही कळलं. पण आवाज येत नव्हता. श्वास जात होता, येत होता, एवढंच. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. तरी काही नाही. दोरा बांधला गेला, बिडी सुपात पडली.

आणि अक्कानं बरोबर त्या ठिकाणी उचललं: *वळ गं बाई वळ, पान सुकाया लागलं.*

आईनं दुसरं पान घेतलं. ओठ हलले. बिडी पडली. अक्कानं झील धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एकदाही चुकली नाही, ती आईच्या हातांकडंच बघत होती. अशा सात बिड्या झाल्या. आठवीला खोकला आला तो थांबेना, तेव्हा मी सूप ओढून घेतलं आणि खिडक्या उघडल्या.

आई आहे. खुणेनं मागते, बोटांनी सांगते. ते रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. कार्यकर्ते म्हणतात, ऐकव की, सभेत लावू. मी लावू देत नाही. त्यात पानाची खसखस आहे, मग शांतता, मग अक्का. पुन्हा खसखस, शांतता, अक्का. मी वही घेऊन बसते. उजव्या बाजूला झील लिहिते, सात वेळा. डावी बाजू कोरी असते. एकदा मी आईपुढं वही धरली आणि विचारलं, त्या दिवशी पहिल्या ओळीत काय होतं? तिनं बराच वेळ आठवून बघितलं. मग नाही म्हणून मान हलवली, आणि मांडीवर रिकामी बोटं वळायला लागली.