सतरा नंबरची जागा कोणी निवडली?

आधीच सांगून ठेवतो — नवस बोलतानासुद्धा देवाशी घासाघीस करणारा माणूस आहे मी. अकरा नारळ कबूल केले तर पाचावर आणतो. आत्मा, संकेत वगैरे ऐकलं की मला राग येतो, आणि सांगणाऱ्याचा जास्त येतो. या फोरमवरचे असले अनुभव मी वाचतो ते कोणी कुठे थाप मारली हे शोधायला. आता माझा वाचा आणि शोधा. सापडलं तर खरंच कळवा, उपकार होतील.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर कामाला होते. अमेरिकेत आलो तो दुसऱ्याच्या टायरच्या दुकानात चाकं उचलायला, आणि रिटायर झालो तो ह्यूस्टनमधली स्वतःची दोन दुकानं विकून. घर शुगर लँडला. आमच्यापासून चार गल्ल्या सोडून माझे साडू राहायचे — माझी बायको शालू, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हृदयाचे डॉक्टर. सगळे त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे, मीही. ते मला ‘शेठ’ म्हणायचे. लोक हसायचे.

तीस वर्षं आमच्या दोन घरांत एकच पद्धत. निवडायचं डॉक्टरांनी, घासाघीस करायची मी. घर, गाडी, सोफा, मुलीच्या लग्नाचा हॉल... शालू म्हणायची, ‘भाऊजी, कुठला चांगला ते तुम्ही बघा’ — आणि मग माझ्याकडे वळून, ‘अहो, तुम्ही जरा भाव कमी करून आणा.’ वस्तू चांगली निघाली की डॉक्टरांची नजर. ती स्वस्तात मिळाली हे दोन दिवसांत सगळे विसरून जायचे. रिटायर झाल्यावर दोघांत मिळून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं, तेही तसंच. थंडीचे तीन महिने चौघांनी कुठेतरी उबदार ठिकाणी काढायचे, असा बेत होता. कुमुदताईंना — म्हणजे शालूच्या बहिणीला — संधिवात आहे. थंडीत गुडघे वाकत नाहीत.

२००६ च्या सप्टेंबरात डॉक्टर गेले. हृदयाचे डॉक्टर, हृदयानेच. फ्युनरल होममध्ये दहनाचं बटण दाबताना त्यांच्या मुलाच्या शेजारी मी उभा होतो, त्यामुळे ते गेले याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

त्यांच्या टेबलावर एक निळी फाइल निघाली. हिवाळा कुठे काढायचा, त्याचा सगळा अभ्यास. पहिली पसंती टेक्सासचं दक्षिण टोक. सोबत पेन्सिलीने काढलेले नकाशे. डॉक्टर कुठेही निघाले की पाकिटाच्या मागे नकाशा काढायचे, आणि त्यात एक सूर्य असायचाच. त्या सूर्याला किरण फक्त एका बाजूला — जिकडे माणूस बसणार तिकडे. ‘बाकीचे किरण कशाला वाया घालवायचे, शेठ?’ असं मला एकदा म्हणाले होते. टोमणाच होता तो.

ताईंना घेऊन आपण तिघांनी तरी जायचं, असं ठरलं. शालू म्हणाली, “भाऊजींनी सगळं बघून ठेवलंय. तिकडेच जाऊ.”

“तिकडची हवा दमट. ताईंच्या गुडघ्यांना कोरडी हवा पाहिजे. ॲरिझोनाला जाऊ.”

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मी सांगतोय!”

बोललो ते खोटं नव्हतं. पण मनात वेगळंच होतं. एकदा, फक्त एकदा, जागा मी निवडायची होती.

डिसेंबरात टूसॉनला पोचलो. पहिल्याच सकाळी पाण्याची नळी गोठलेली. दुसऱ्या सकाळी पण. ताई गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन, शालीत गुंडाळून बसलेल्या. तक्रार एका शब्दाने नाही — ती असती तर भांडता तरी आलं असतं. तक्रार शालूने केली. “भाऊजी असते तर त्यांनी आधी गावाची उंची बघितली असती. उंचावर थंडी असते एवढं शाळेतल्या पोराला कळतं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि पश्चिमेकडे, खालच्या बाजूला निघालो. कुठे जायचं ठरलं नव्हतं. वाटेत शालूच्या तोंडून पुन्हा ‘भाऊजी’ निघालं आणि मी एका रेस्ट एरियात गाडी घातली, खाली उतरलो आणि स्वतःच्याच टायरला लाथ मारली. वेळ पक्की लक्षात आहे. आतून शालू ओरडली होती, “अकरा वाजले, ताईची गोळी द्यायचीय, तमाशा पुरे करा!”

बाराच्या पुढे हिला बेंड नावाच्या गावात डिझेल भरायला थांबलो. दुकानाच्या दाराशी बोर्डावर कार्डं टाचलेली होती — कुत्र्याची पिल्लं, जुना ट्रेलर, आणि एका कोपऱ्यात हाताने लिहिलेलं एका आरव्ही पार्कचं, म्हणजे मोटरहोम लावायच्या तळाचं, कार्ड. युमाच्या अलीकडे, लिंबाच्या बागांना लागून. हे कार्ड मी निवडलं. दुसऱ्या कोणी नाही. फोन लावला, बाई म्हणाल्या, “या, जागा आहे.” नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तीनला पोचलो. ऑफिसात डोना नावाच्या सत्तरीच्या बाई. सरळ सतरा नंबरची जागा दाखवली. मागे उंच भिंत, त्यामुळे वारा अडलेला, पूर्व बाजू मोकळी, आणि कोपऱ्यात लिंबाचं लगडलेलं झाड. बघताक्षणी मनात भरली, म्हणून मी तोंड वाकडं केलं.

“भिंतीमुळे कोंडतंय. महिन्याच्या भाड्यात काय कमी करता?”

“नाही जमणार.”

“बाहेर रस्त्याचा आवाज येतो.”

“नाही म्हटलं ना.”

मी टोपी घातली, दारापर्यंत गेलो. हा माझा हुकमाचा पत्ता आहे. “ठीक आहे, पुढे बरेच पार्क आहेत.”

बाई हसल्या. “बरं बाबा, घ्या. आणि वीज वेगळी लावत नाही.”

जिंकलो! टायरच्या धंद्यात असा सौदा क्वचित झाला असेल.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळी आठला ऊन बरोबर आमच्या दारात. ताई खुर्ची टाकून बसायच्या, नऊपर्यंत शाल काढून ठेवायच्या. चौथ्या दिवशी काठी न घेता झाडापर्यंत गेल्या आणि लिंबं तोडून आणली. पोह्यांवर पिळताना म्हणाल्या, “मधुकरराव, जागा शोधावी तर तुम्ही. यांनासुद्धा अशी सापडली नसती.”

शालूने माझ्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले, म्हणजे तिलाही पटलं होतं.

मी आत गेलो आणि उगाचच भांडी घासत बसलो. माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून.

नवव्या दिवशी सकाळी मुक्काम आणखी एक महिना वाढवायला ऑफिसात गेलो. डोनाबाईंनी सहज विचारलं, “तुमचे ते मित्र आले नाहीत का? तुम्ही तीनच खुर्च्या बाहेर काढता.”

“कोण मित्र?”

“उंच गृहस्थ. करडी टोपी. तुम्ही आलात त्याच दिवशी सकाळी येऊन गेले ना! अकराच्या सुमाराला. सतरा नंबर त्यांनीच राखून ठेवायला सांगितला. एक दोन जागांवर उभं राहून आधी सूर्य कुठून येतो ते बघितलं.”

अकरा वाजता, वाचकहो, मी टायरला लाथ मारत होतो. हे पार्क जगात आहे हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, माणूस ओळखण्यात तुमची काहीतरी गफलत होतेय. त्या म्हणाल्या, “गफलत कशी? त्यांनी तुमचं सगळं सांगितलं. दोन बायका असतील, एकीचे गुडघे दुखतात. आणि हे गृहस्थ भाव करतील. पहिल्यांदा नाही म्हणा, दुसऱ्यांदाही नाही म्हणा, दारापर्यंत गेले की कमी करा. लगेच कमी केलंत तर जागेत काहीतरी खोट आहे म्हणून निघून जातील!” बाई मनापासून हसत होत्या. “वीज वेगळी लावू नका हे पण त्यांनीच सुचवलं. तुम्हाला काहीतरी म्हणत होते... शेट? शेट म्हणजे काय हो?”

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून विचारलं, हा चावटपणा कोणी करायला सांगितला? शालूने? बाईंचं हसू गेलं. त्यांनी ड्रॉवर उघडून पार्कचा छापील नकाशा समोर ठेवला. सतरा नंबरवर पेन्सिलीने चार छोटे चौकोन काढले होते — खुर्च्या. वर उत्तरेचा बाण. पूर्वेला सूर्य.

किरण एकाच बाजूला.

मी मोटरहोममध्ये जाऊन शालूच्या पर्समधला फोटो आणला, गाडी घेतली त्या दिवशी डीलरने काढलेला, आम्ही चौघं आणि मागे दोन सेल्समन. डोनाबाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं. डॉक्टरांवर. “हेच. फक्त टोपी नाही यात.”

सगळं तपासलं मी. गोळी दिली तेव्हापासून पोचेपर्यंत दोघी माझ्या गाडीत होत्या. निळी फाइल पानन् पान बघितली, त्या भागाचा उल्लेख नाही. डॉक्टरांच्या मुलाला आडून विचारलं, पप्पा कधी युमाला गेले होते का? “नो काका, नेव्हर.” आणि बोर्डावरचं ते कार्ड मी उचललं नसतं तर? शेजारचं उचललं असतं तर?  

भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही. जळलो. मेल्यावरसुद्धा? आयुष्यात एक जागा मी निवडली, तिथे हा माणूस माझ्या चार तास आधी जाऊन उभा! आणि निवड नेली तर नेली — सौदा तरी माझा ठेवायचा. तोही माझ्या हातात आयता ठेवला, मी जिंकलो असं मला वाटावं म्हणून. हे नुसतं नेण्यापेक्षा वाईट. डॉक्टर माझ्यावर हसायचे एवढंच मला तीस वर्षं माहीत होतं. मी दारापर्यंत जातो, हे त्यांनी इतक्या नीट बघून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं.

ताईंना मी हे सांगितलेलं नाही. शालूलाही नाही. दोघी मराठी फोरम वाचत नाहीत. आता शुगर लँडमध्ये कोणी रिटायर झालं की मला फोन येतो, ‘काका, थंडीत कुठे जायचं? तुमची चॉइस एकदम भारी असते म्हणे.’ मी पत्ता देतो. ‘माझी नाही’ हे शब्द अजून तोंडातून निघालेले नाहीत.

२००७ च्या डिसेंबरात परत गेलो. डोनाबाई दोनदा नाही म्हणाल्या. मी टोपी घालून दारापर्यंत गेलो. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, तरी गेलो.

आणि सकाळी खुर्च्या मांडताना हल्ली मी चौथी पण काढतो. शालूने विचारलं, “ही कशाला?” म्हटलं, “पेपर ठेवायला.” ताई त्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

पण ती माझ्या खुर्चीच्या मागे ठेवतो. ऊन आधी माझ्यावर पडलं पाहिजे.