डाव्या खांद्यावरची रायफल

शशिकलाताई गजभिये यांची आणि माझी पहिली भेट नेमबाजीच्या मैदानावर झाली नाही, ती इतवारीत आमच्या भांड्यांच्या दुकानात झाली. मी तेव्हा नववीत होते. शाळा सुटली की बाबांना मदत म्हणून दुकानात बसत असे. आमच्या शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या शारीरिक शिक्षणाच्या मॅडम एका संध्याकाळी गंज, म्हणजे उभट पातेले, घ्यायला आल्या. एकेक गंज काचेच्या काउंटरवर ठेवायचा, काठाला एका बोटाने हलकेच दाबायचे आणि बूड डुगडुगते का ते पाहायचे, असा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. अर्धे दुकान काउंटरवर आले. गिऱ्हाइकाचे नखरे खपवून न घेणारे आमचे बाबा त्या दिवशी मुकाट्याने गंज काढून देत होते.

शेवटी एक गंज पसंत पडला. मग मॅडम बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी मघापासून पाहून राहिली, पण एकदाही मधात बोलली नाही. मले अशीच पोरगी पाहिजे."

बाबांना वाटले, बाईंनी स्थळच आणले. त्यांचा चेहरा असा झाला की आई आजही ती गोष्ट सांगताना हसून लोटपोट होते. पुढे खुलासा झाला की पोरगी रायफल चालवायला हवी आहे, तेव्हा तर बाबा आणखीच हादरले.

"बंदूक? मॅडम, ते पोट्ट्यांचं काम आहे."

"हवेची आहे भाऊ, छर्ऱ्याची. अन् पोट्टे धीर धरत नाहीत, म्हणून तं तुमच्या दुकानात आली."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी मॅडमच्या हाताखाली आहे. आधी विद्यार्थिनी म्हणून, आणि त्या निवृत्त झाल्यावर त्यांनी टिनाच्या शेडमध्ये सुरू केलेल्या केंद्रात सहकारी म्हणून. त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला, हे माझे भाग्यच.

बाहेरच्या माणसाला आमचे केंद्र पाहून हसू येईल. समोरच्या भिंतीला कळमन्याच्या बाजारातून आणलेली बारदानाची पोती, त्यांत ठासून भरलेल्या चिंध्या, त्यावर नेम धरायचे कार्ड. छर्रे त्या चिंध्यांत जाऊन निजतात. हल्ली मुले सिलिंडरच्या हवेवर चालणाऱ्या महागड्या रायफली घेऊन येतात. मॅडम कौतुकाने त्या हातात घेऊन पाहतात आणि बाजूला ठेवतात. सुरुवात स्प्रिंगच्या जुन्या रायफलीवरच करायची, हा त्यांचा दंडक आहे.

यामागचे कारण त्या प्रत्येक नव्या तुकडीला सांगतात, आणि मी ते इतक्यांदा ऐकूनही कधी कंटाळले नाही. "चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते. रायफल आधी मागं येते, मग पुढं जाते. अन् हे सगळं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच राह्यते! तुम्ही तिले आवळून धरली तं ती दरवेळी वेगळी उडी मारते. तिले मोकळी सोडा. उडी मारू द्या, पण दरवेळी सारखीच मारू द्या."

सांगणे सोपे, करणे महाकठीण. नेम चुकू लागला की माणूस घाबरून पकड घट्ट करतो, पकड घट्ट झाली की नेम आणखी चुकतो. यावर मॅडमनी काढलेला उपाय कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. रायफल डाव्या तळहातावर नुसती टेकवायची, आणि बोटे व लाकूड यांच्या फटीत भाजलेल्या पापडाचा तुकडा सरकवायचा. बोटे मिटली की पापड कडकन मोडतो. ज्याने मोडला त्याने तो सर्वांसमोर खायचा. माझ्या पहिल्या महिन्यात मी इतके पापड खाल्ले की घरी जेवताना ताटात पापड दिसला तरी माझी बोटे आपोआप सरळ व्हायची.

त्यांच्या कानाविषयी तर काय सांगावे! मॅडम पाठमोऱ्या बसून छर्रे निवडत असतात. शेपटाला पोचा आलेला छर्रा त्या बोटांनी चाचपून बाजूला काढतात. मागे कोणी तरी रायफल चालवते आणि मॅडम मान न वळवता म्हणतात, "आवळली." किंवा, "चाप ओढून लगेच मान वर केली." किंवा, "मागचा स्क्रू ढिल्ला झाला, कस." आवाजातला तो फरक मी अजून शोधते आहे. मला दहातल्या दोनतीन वेळा ओळखता येतो. त्यांचे एकदाही चुकलेले मी ऐकलेले नाही, आणि सांगायला हरकत नाही, या गोष्टीची मला आजही थोडी भीती वाटते.

एवढ्या कानाच्या बाई मनाने मात्र मऊ. एका मुलीच्या वडिलांनी, लेकीची रायफल गुळगुळीत चालावी म्हणून, रात्री तिच्यात शिलाई मशीनचे तेल सोडले. सकाळी पहिल्याच छर्ऱ्याला फटाक्यासारखा आवाज आणि नळीतून धूर! आत दाबल्या गेलेल्या हवेने तापून तेलाने पेट घेतला होता. पोर रडायला लागली, वडील चोरासारखे उभे. मॅडमनी स्वतःची सुट्टी घालवून रायफल खोलली, आतला वायसर बदलला आणि वडिलांना एवढेच म्हणाल्या, "तुमचं प्रेम सायकलीच्या चेनीले द्या भाऊ, तिले चालते." ती मुलगी आजही केंद्रात येते आणि तिचे वडील सगळ्यांच्या सायकलींना तेल देतात.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले, तिकडे वळते.

मॅडमना सत्तरावे वर्ष लागले त्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याने दगा दिला. एका सकाळी रायफल खांद्याला लावून त्या बराच वेळ तशाच राहिल्या, मग खाली ठेवून मला म्हणाल्या, "नीता, पोतं दिसते, भिंत दिसते, माशीच दिसत नाही." माशी म्हणजे नळीच्या टोकावरची ती बारीक खूण, जिच्यावर सगळा नेम जुळवायचा. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग वाळला आहे, तो परत येणार नाही. डावा डोळा ठीक आहे, पण त्यालाही हे होऊ शकते. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकले की आता मॅडम खुर्चीत बसून मार्गदर्शन करतील. खुर्चीवर घालायला कोणी तरी नवी गादीसुद्धा आणली. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, गादीवर छर्ऱ्यांचे डबे ठेवले, रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली.

ज्याने कधी नेमबाजी केली नाही त्याला यातले धाडस कळणार नाही. डावा खांदा, डावा गाल, चापावर डावे बोट, आधाराला उजवा तळवा. चाळीस वर्षांत अंगात मुरलेले सगळे उलटे. पहिल्या दिवशीचे त्यांचे कार्ड पाहून मला रडू आले. छिद्रे कार्डभर विखुरली होती, काही तर कार्डाबाहेर पोत्यात. मॅडमनी मला जवळ बोलावले. "आता तू सांगजो, मी ऐकीन. मले मॅडम समजू नको, नवी पोट्टी समज."

हे काम मला जमेना. ज्यांच्यापुढे मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, त्यांच्या चुका काढायच्या! मी पापडाचा तुकडा त्यांच्या उजव्या बोटांशी सरकवला. त्यांनी चाप ओढला आणि पापड कडकन मोडला. मी जमिनीकडे पाहत उभी.

"काहून गप बसली वं? काय चुकलं ते सांग."

"मॅडम... बोट."

त्यांनी तो पापड सर्वांसमोर खाल्ला. पुन्हा तुकडा, पुन्हा कडकन. काही आठवडे असेच गेले. मग एकदा मी कार्डाकडे पाहायचे सोडून नुसते त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत बसले, आणि माझ्या लक्षात आले की त्या आवळत नाहीत. चार बोटांपैकी तीन अगदी शांत होती. डाव्या बोटाने चाप ओढला की त्याच क्षणी उजव्या हाताची तर्जनी आपणहून वाकत होती. इतकी वर्षे चाप तिनेच ओढला होता. आपले काम गेले आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मी भीत भीत म्हटले, "मॅडम, तुमचं जुनं बोट अजून नोकरीवरच आहे."

मॅडम अशा हसल्या की त्यांना रायफल खाली ठेवावी लागली. मग म्हणाल्या, "मग आता मलेच त्याले रिटायर करा लागते."

बोट बांधून ठेवावे, असे मी सुचवले. त्यांनी नकार दिला. बांधलेले बोट काही शिकत नाही, सोडले की पुन्हा वाकते, असे त्यांचे म्हणणे. पुढचे त्यांच्या सूनबाईंनी सांगितले. रोज जेवण झाले की मॅडम उजव्या तळव्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवून बसत, आणि डाव्या हाताने कपड्याचा चिमटा सावकाश दाबत. वाटीतले पाणी हलता कामा नये. सोफा भिजायचा, पदर भिजायचा, नातवंडे हसायची. असा एक अख्खा हिवाळा गेला आणि उन्हाळाही गेला. मग एके दिवशी शेडमध्ये त्यांनी चाप ओढला आणि पापड अखंड राहिला. टाळ्या वाजवायचे कोणाला सुचलेच नाही. मी तो तुकडा उचलला. त्याला ओरखडाही नव्हता.

यंदा केंद्राच्या वार्षिक स्पर्धेत पंचाहत्तरी म्हणून मंडळींनी त्यांनाच प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावले. मॅडमनी पाहुण्यांची खुर्ची नाकारली आणि नवशिक्यांच्या गटात नाव दिले. "डाव्या खांद्यानं मी नवशिकीच आहे," असे त्यांनी आयोजकांना निक्षून सांगितले. स्पर्धेच्या सकाळी फाटकापाशी त्यांनी मला बाजूला घेतले. आदल्याच दिवशी त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डाव्या डोळ्याच्या पडद्यावरही बारीक ठिपके दिसू लागले आहेत. वर्षानुवर्षे काही होणार नाही, किंवा होईलही. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

हे इथे लिहू का, असे मी त्यांना विचारले होते. "लिही ना. त्यात लपवाचं काय?" एवढेच उत्तर मिळाले.

त्या सकाळी, शाळकरी मुलांच्या रांगेत, पांढऱ्या केसांच्या मॅडम डाव्या खांद्याला रायफल लावून उभ्या राहिल्या. पाच छर्रे. कार्ड आले तेव्हा चार छिद्रे एकमेकांना चिकटलेली होती, रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. पाचवे वरच्या बाजूला, एकटे. शेड टाळ्यांनी दणाणून गेली. मी मात्र सरळ रडत होते. मॅडम त्या चारांकडे बघतसुद्धा नव्हत्या. पाचव्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, "हा काहून गेला वं वर?"

मी डोळे पुसले आणि शिष्येला सांगावे तसे सांगितले, "गाल लवकर उचलला, मॅडम."

"मग उद्या सकाळी लवकर येजो. गाल टेकवून ठेवाचं शिकून घेऊ. दिसते तोवर शिकून घेऊ."

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी जातो. मला या बाईंपुढे नतमस्तक होण्यापलीकडे काही सुचत नाही. असे समारंभ असले की दीर्घायुष्य चिंतायचे असते, आणि मी ते मनापासून चिंतते. मॅडमसाठी मी शंभर वर्षे मागते, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यासाठी एकशे एक.