माइकखाली अप्पा

मला आवडणारा बँड एक गाणं पाऊण तास वाजवतो. त्यात गाणं असं दोन-तीन मिनिटांचंच असतं. उरलेला वेळ ती मंडळी त्या गाण्यातून बाहेर पडायचा रस्ता शोधत असतात. कधी सापडतो, कधी नाही. अशा बँडला जॅम बँड म्हणतात. माझा नवरा मंदार त्याला 'मिक्सर' म्हणतो, कारण त्याच्या मते घरघर खूप वेळ चालते आणि शेवटी चटणी काही होत नाही.

(बँडचं नाव मी सांगणार नाही. त्याच्या चाहत्यांशी सध्या माझे संबंध नाजूक आहेत.)

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना एका सीनियरच्या सीडींमुळे मला हे व्यसन लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. या बँडचा एक कार्यक्रम दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून चाहते प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करतात, तेही बँडच्या राजीखुशीनं, आणि जगभर फुकट वाटतात. ते ऐकत मी लग्न केलं, नेदरलंड्समध्ये आइंडहोवनला आले, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी धरली, मुलगी वाढवली. पण बँड प्रत्यक्ष म्हणाल तर एकदाही पाहिला नव्हता. आणि त्या उन्हाळ्यात तो आमच्या इथे, ब्रेडाच्या बाहेरच्या एका मैदानात येणार होता! माझं आणि गाडी चालवायला म्हणून मंदारचं तिकीट मिळालं त्या दिवशी मी ऑफिसात इतकी गोड वागले की माझ्या मॅनेजरला वाटलं मी राजीनामा देतेय.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग यापची कंबर धरली.

याप म्हणजे आमच्या चाहत्यांमधला ज्येष्ठ माणूस. निवृत्त शिक्षक, उंच, आणि डच माणसं असतात तसा स्पष्ट. युरोपातले कार्यक्रम तोच रेकॉर्ड करायचा. त्या वर्षी दौऱ्यातला एकही कार्यक्रम रेकॉर्डिंगवाचून राहिला नव्हता. कुठे ना कुठे कुणी ना कुणी माइक घेऊन उभा होताच. आणि ब्रेडाच्या आधी यापनं बागेतली कुंडी उचलली. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्या आणि चालत राहा असं सांगितलं. यापला बाथरूमपर्यंत चालता येत नव्हतं. त्यानं मला घरी बोलावलं आणि आडव्यानंच माइक, स्टँड आणि रेकॉर्डर माझ्या हवाली केला.

"एकच नियम," तो म्हणाला. "माइकखाली कुणी बोलायचं नाही. लोक हे वीस वर्षांनीही ऐकतील. त्यांना बँड ऐकायचाय, तुझे शेजारी नाही."

मी अगदी देवासमोर घ्यावी तशी शपथ घेतली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी केलेली रेकॉर्डिंग फुकटात ऐकली, आता एक माझ्या हातून व्हायचं होतं, आणि ते स्वच्छ व्हायला हवं होतं. बस, एवढंच माझं मागणं होतं.

त्यात यापचं तिकीट उरलं. आणि आमच्याकडे पुण्याहून तीन महिन्यांसाठी सासू-सासरे आलेले होते.

माझे सासरे, अप्पा, वीज मंडळातून निवृत्त झाले असले तरी त्यांचा खरा हुद्दा 'श्रोता' हाच आहे. पुण्यात थंडीतल्या संगीत महोत्सवांना भारतीय बैठकीवर, स्टेजपासून जितकं पुढे बसता येईल तितकं पुढे ते बसत आलेत. वर तरुणपणी तबलाही शिकलेत. मंदार म्हणाला, "अप्पा घरात कंटाळलेत, त्यांना ने की." मी म्हटलं, अरे, तिथे गिटारींचा गोंगाट, त्यांना नाही सोसायचा. पण अप्पांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे चौकशी केली की काय वाजवायचं ते ही मुलं आधी ठरवून येत नाहीत का. मी म्हटलं, नाही, स्टेजवरच सुचेल तसं.

"मग ही बैठकच की गं," अप्पा म्हणाले, आणि झब्ब्याला इस्त्री करायला गेले.

सासूबाईंनी ढोल बडवलेले ऐकण्यापेक्षा नातीजवळ राहणं पत्करलं, पण डबा मात्र भरून दिला. बाहेरचं खाणं आत चालत नाही हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. गेटवर गार्डनं डबा उघडायला लावला. मंदारनं सांगितलं की वडिलांना डायबेटिस आहे, त्यांना वेळेवर खावं लागतं. हे अगदी खरं होतं. गार्डनं डबा उघडला: वरच्या मजल्यावर बाकरवडी, खालच्या मजल्यावर साखर चमकणाऱ्या नारळाच्या वड्या. त्यानं अप्पांकडे बघितलं, डबा बंद केला आणि "सुक्सेस" म्हणाला. डच लोक हा शब्द शुभेच्छा म्हणून वापरतात. बहुधा त्याला पुढचं दिसत असावं.

साउंडवाल्यांच्या मागे रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली जागा होती. त्या दिवशी तिथे स्टँड एकच होता, माझा. मी माइक वर चढवला, वाऱ्यासाठी त्याला केसाळ टोपडं घातलं, हेडफोन लावले. अप्पा घडीच्या खुर्चीत, खांद्यावर शाल, बरोबर माइकखाली. सगळीकडे रंगीबेरंगी गंज्या घातलेली, अनवाणी नाचणारी पब्लिक आणि मध्ये हे कडक इस्त्रीतले अप्पा! मी जितक्या नम्रपणे सांगता येईल तितक्या नम्रपणे त्यांना म्हटलं की इथे जरा शांतपणे ऐकायची पद्धत आहे.

"अर्थात," अप्पा म्हणाले. "मैफलीत बोलणाऱ्या माणसांना माझ्या मते दारातूनच परत पाठवावं."

मी निर्धास्त झाले. माझी चूक इथेच झाली. अप्पांच्या लेखी 'बोलणं' म्हणजे गप्पा. दाद देणं हे बोलण्यात येत नाही. दाद न देणं मात्र कलाकाराच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ठाऊक असायला हवं होतं. मी त्या घरात टीव्हीवरच्या गाण्यालासुद्धा दाद दिलेली ऐकली आहे.

पहिली दोन गाणी अप्पा स्वस्थ होते. त्यांना वाटलं वाद्यं जुळवणं चाललंय. तिसऱ्याला गिटारवाला गाणं सोडून भटकायला निघाला, मागून ड्रमवाल्यानं काहीतरी तिरकं धरलं, आणि अप्पांची मान वर झाली. बोटं हलायला लागली. "सात मात्रा," ते म्हणाले. "रूपकच की हा." मग गिटारवाला लांबचा फेरफटका मारून नेमका समेवर परतला आणि अप्पांनी खड्या आवाजात दिली, "वाऽऽ!"

रेकॉर्डरवरचा काटा टोकाला जाऊन आदळला. माझंही काळीज साधारण तिथेच गेलं.

मी मंदारला बाजूला घेतलं. म्हटलं, तूच सांग, तुझे वडील आहेत. तो म्हणाला, बँड तुझा आहे. हा वाद मिटायच्या आत त्याला अचानक भूक लागली आणि तो फ्रीत, म्हणजे इथले बटाट्याचे फ्राइज, घ्यायच्या रांगेत जो गेला तो गेलाच. (नंतर म्हणाला रांग मोठी होती. रांग मी पाहिली होती. रांगेत तो एकटा होता.)

आता सासऱ्यांना सुनेनं 'गप्प बसा' म्हणायचं कसं? आमच्याकडे ते होत नाही. आमच्याकडे माणसाचं तोंड बंद करायचा एकच सभ्य मार्ग आहे. मी हेडफोन मानेवर सरकवले, डबा उघडला, आणि हळूच म्हटलं, "अप्पा, बाकरवडी घ्या ना."

अप्पांनी घेतली. मी समाधानानं हेडफोन कानावर चढवले आणि हबकले. बासवाल्याच्या नाजूक तुकड्यावर कुणीतरी खडीवरून बूट घालून चालत होतं. सासूबाईंची बाकरवडी खुसखुशीत असते हे मी आजवर कौतुकानं सांगत आले होते! हेडफोन परत खाली. "अप्पा, ती राहू द्या, वडी घ्या. मऊ आहे. अजून एक घ्या. घ्या हो, पोट भरलं काय एवढ्यात?" वडीचा आवाज होत नव्हता, पण वडी संपायची आणि सम यायची, दोन्ही एकाच वेळी. "आहाऽ!" मग मी चहा काढला. चहा गरम होता, म्हणजे भुरका आला. मग त्यांचा हात ठेका धरून स्टँडच्या नळीवर पडायला लागला. हेडफोनमध्ये ते अगदी लोहाराचं दुकान झालं. मी म्हटलं, अप्पा, शाल नीट घ्या, हात आत घ्या, वारं आहे. वारं नव्हतं.

आणि तेवढ्यात स्टेजवर होडीचं गाणं सुरू झालं.

हे गाणं बँडनं कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. पहिल्या सुराला सगळं मैदान एकदम श्वास आत घेऊन थांबलं. माझ्या शेजारचा दाढीवाला जर्मन तर चक्क रडायला लागला. मीही रडले असते, पण मला वेळ कुठे होता? मी एक डोळा काट्यावर आणि एक अप्पांच्या हनुवटीवर ठेवून उभी होते. हनुवटी वर जायला लागली की सम आली असं समजायचं आणि झटकन वडी पुढे करायची. ज्या गाण्यासाठी मी अर्धं आयुष्य वाट पाहिली ते माझ्यासमोर चाललं होतं आणि मी ते ऐकतच नव्हते. मी सासऱ्यांना भरवत होते. आणि आजूबाजूला काय झालं होतं? अप्पांचा हात बरोबर समेवर पडतो हे जर्मनाच्या लक्षात आलं होतं. त्यानं आपला हात उचलायला सुरुवात केली. त्याचं बघून मागच्या ओळीनं. डबा रिकामा झाला. शेवटी सगळी वाद्यं चहूकडून धावत येऊन एका ठिकाणी कोसळली, तशी अप्पा खुर्चीतून उठले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "क्या बात है!"

ते पार स्टेजपर्यंत गेलं असावं. मागच्या दोन ओळी त्यांच्याबरोबर ओरडल्या.

मी हेडफोन काढून खाली गवतावर बसले. संपलं होतं सगळं. दौऱ्याची माळ तुटली होती आणि ती माझ्या हातून तुटली होती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "काय तयारीची मुलं आहेत गं. हे तू इतकी वर्षं एकटीच ऐकत बसलीस होय?" म्हणाले. यावर रागवायचं कसं, हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

घरी येऊन मला ते रेकॉर्डिंग ऐकायची हिंमत झाली नाही. यापचे मेसेज येत होते. मी तसंच्या तसं त्याला पाठवून दिलं, आणि चाहत्यांच्या साइटवर त्याच्याबरोबर लावायला एक माफीनामाही जोडला. फार सुंदर इंग्रजीत लिहिला मी तो. मी नियम काटेकोर पाळायचा प्रयत्न केला, पण माझे सासरे वयस्कर आहेत, वेगळ्या संगीतपरंपरेतले आहेत, त्यांना आवरणं शक्य झालं नाही, तरी ऐकणाऱ्यांनी मोठ्या मनानं घ्यावं. थोडक्यात, सगळं खापर अप्पांच्या डोक्यावर. अप्पा शेजारच्या खोलीत माझ्या मुलीला रूपक शिकवत होते.

प्रतिक्रिया यायला लागल्या त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. माझी मुलगी ईरा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिनं फोन काढला आणि आजोबांसाठी मोठ्यानं वाचायला घेतलं. मी म्हटलं, नंतर वाच, आधी वरण घे.

"Mama, they love him," ती म्हणाली.

लोकांनी लिहिलं होतं की हे गृहस्थ कोण आहेत, प्रत्येक वेळी ड्रमवाल्याच्याही आधी सम त्यांना कळते. कुणी लिहिलं होतं की यापुढे होडीचं गाणं त्या 'क्या बात है'शिवाय ऐकवणार नाही. बँडच्या ड्रमवाल्यानं पुढच्या दौऱ्यात त्यांना स्टेजशेजारी बसवायची इच्छा व्यक्त केली होती. अप्पा भात कालवायचे थांबले. सासूबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आत्ताच स्थळ सांगून आलंय. मी मनात म्हटलं, सुटले बाई.

"But," ईरा पुढे वाचायला लागली आणि थांबली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मग वाचलं. जवळजवळ सगळ्यांची एकच तक्रार होती. त्यांच्या शेजारी ती जी बाई आहे, ती कार्यक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एक मिनिटही गप्प बसत नाही. ऐन होडीच्या गाण्यातसुद्धा तिचं चालूच आहे. ती काय म्हणते ते कुणाला कळतं का? आणि तिला कुणी थांबवलं कसं नाही?

सासूबाई म्हणाल्या, "लाव गं, ऐकू तरी." ईरानं लावलं. मी माइकच्या सगळ्यात जवळ उभी होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अप्पा एखाद्या कसलेल्या साथीदारासारखे अधूनमधून येत होते. आणि त्या सगळ्यावर, स्वच्छ, अखंड, मी. घ्या ना. अजून एक घ्या. मऊ आहे. हात आत घ्या.

याप स्पष्ट माणूस आहे हे मी सांगितलंच. तो अंथरुणात पडून होता, त्याला दुसरं काम नव्हतं. त्यानं पडल्या पडल्याच लॅपटॉपवर, आवाज वेगळे करत, ते रेकॉर्डिंग पूर्ण साफ केलं आणि नव्यानं लावलं. खाली त्याची एका ओळीची टीप आहे: 'सासरे ठेवले आहेत, सून काढली आहे.'

परवा मी ते शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. खोटं कशाला बोलू, मी नसताना कार्यक्रम फारच सुंदर झालाय.