बाबांचं कारंजं आणि माळीदादा

माळीदादा कुठलंही बिघडलेलं यंत्र उघडण्याआधी त्याला कान लावायचे. बाळापूरकडच्या आपल्या मळ्यातली फुलं घेऊन ते रोज सकाळी अकोल्यात आमच्या गल्लीत यायचे. मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना मोटर शिकवते. तरी हॉलमधलं टेबलावरचं कारंजं अडलं, की बाबा माझ्याकडे न बघता दाराकडे बघायचे.

कारंजं मीच आणलं होतं. लकव्यानंतर बाबांचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही अडलं. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा पाण्याकडे बघतील, असं वाटलं. महिन्याभरात पंप नुसता घुंघुं करू लागला, पाणी चढेना. "नवीन आणते," मी म्हटलं. माळीदादा फुलांची पुडी घेऊन दारात उभे होते. आत येऊन त्यांनी कान लावला.

"आवाज करून राहिली म्हणजे मोटर जित्ती आहे, ताई. फेकता काहून?"

प्लग काढून त्यांनी पंप बाहेर घेतला, झाकण उघडलं आणि आतलं बोटाएवढं चक्र ओढून काढलं. दांडीला लांब केस गुंडाळला होता. "तुमचाच दिसते," ते शांतपणे म्हणाले. बाबा हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि तेही दुसऱ्याच्या बोलण्यावर.

आमच्या बोअरचं पाणी खारं, त्यामुळे चक्रावर पांढरा थर बसला होता. दादांनी ते लिंबाच्या पाण्यात भिजवलं, थाळी बाबांच्या मांडीवर ठेवली आणि जुना टूथब्रश त्यांच्या उजव्या हातात दिला. "घासा भाऊ. मले घाई नाई." मला मात्र बजावलं, "यापुढं फिल्टरचंच पाणी टाका. अन् पंप पाण्याबाहेर उघडा नका पडू देऊ."

दर पंधरा दिवसांनी पंप असा धुवायचा, हे ठरूनच गेलं. त्या दिवशी बाबा उठल्यापासून विचारायचे, "माळी कधी येते?" मी कॉलेजातून कधी येते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दादांची पावलं जिन्यात वाजली की मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

म्हणून एकदा पंप धुवायच्या आदल्या दिवशी मीच तो उघडला. बेसिनवर पाच मिनिटांत लख्ख करून बसवला. बाबांनी मान फिरवली. त्या घाईत मी पाणी पूर्ण भरलंच नाही. मे महिना होता. कॉलेजातून परत येईस्तोवर पाणी आटून पंप कोरडाच फिरत राहिला आणि जळला. मोटर शिकवणाऱ्या बाईनं मोटर जाळली. त्याच संध्याकाळी मी गुपचूप तसाच दुसरा आणून बसवला.

सकाळी दादांनी कान लावला आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली.

"मशीन झकास आहे, भाऊ. ताईनं मनापासून केलं."

माझी चूक त्यांनी पोटात घातली, आणि त्याचाही मला हेवाच वाटला.

दिवाळीनंतर त्यांची फेरी थांबली. "गुडघे आता नाई म्हणून राहिले," एवढं सांगून ते मळ्यावरच राहिले. दोन आठवड्यांनी धार बारीक झाली. पंप घेऊन मी बेसिनकडे निघाले आणि बाबांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. बोटं खुर्चीच्या दांड्यावर घट्ट वळली होती. उन्हाळ्यापर्यंत ती इतकी वळतच नव्हती. दादा काय दुरुस्त करत होते, ते मला तेव्हा कळलं.

मी थाळी बाबांच्या मांडीवर ठेवली आणि खाली बसले. ब्रश दोनदा पडला. माझा पहिला तास बुडाला. अखेर पाणी चढलं तेव्हा बाबा म्हणाले, "माळ्याले फोन लाव."

फोन त्यांनी स्वतःच्या उजव्या हातात धरला. दिवसभरात दहा शब्द न बोलणारा माणूस मळ्याचं, गुडघ्यांचं विचारत होता. मी टेबल पुसायचं निमित्त करून ऐकत होते, माझं नाव येतं का म्हणून. बराच वेळ आलं नाही.

मग बाबा थांबत थांबत म्हणाले, "पोरगी बसली होती संगं. पुरा वेळ."