सत्तार सरांचा दुसरा नारळ

अंबाजोगाईत कशाचंही उद्घाटन असो, पाहुण्यांनी नारळ फोडला की सत्तार सर पिशवीतून दुसरा काढायचे. तो भावाच्या फळगाड्यावरचा असायचा. पाहुण्याच्या हातात देऊन म्हणायचे, "हा बंद करायच्या दिवसासाठी. जपून ठिवा." लोक हसायचे. शेजारी बसून मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, मी मराठी. एकदा अणुवीज समजावून सांगायला एक मोठे अधिकारी आले. भाषण संपलं आणि सर उठले.

"वीज लई चांगली हाय साहेब, माझा विरोध न्हाई. पन अणुभट्टी म्हंजे चूल न्हाई, पाणी मारलं अन् विझली. बंद केल्यावरबी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळावी लागती. तो खर्च कुणाचा?"

"विजेच्या दरातच तशी तरतूद असते."

"अन् ती पुरली न्हाई तर?"

"मग सरकार बघेल."

"सरकार म्हंजे आमचीच लेकरं की! दिवे आमी लावायचे, अन् बिल अजून पोटातबी नसलेल्या लेकरानं भरायचं?"

अधिकाऱ्यांनी हसत नारळ घेतला, फोटो काढला. ते गेल्यावर तो नारळ टेबलावरच पडलेला. सरांनी तो उचलून पिशवीत घातला.

त्यांच्या गल्लीतही एक कोरडं बोअर उघडं पडलं होतं. नात सना तिथेच खेळायची. नगरसेवक म्हणे, मागच्याच्या काळातलं आहे. मागचा म्हणे, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार फोनच घेत नव्हता. सर रोज चकरा मारायचे, तोवर तोंडाशी दगड रचून ठेवायचे. कुणीतरी ते नेहमी सरकवायचं. मी वैतागून म्हटलं, "सर, एक लोखंडी टोपण वेल्ड करून घ्या ना, सुटाल!"

"कावून? खोदलं त्यानं, बुजवायचं मी? आज मी केलं की उद्यापासून समदे उघडं टाकून जातील. एक खुळा हायच म्हनून!"

बरोबरच होतं हो त्यांचं! पण बरोबर असून माणसाचं काय होतं, ते मी बघत होतो. आवाज चढायचा, छातीत धडधडायचं.

एका संध्याकाळी सनाची चप्पल त्या भोकात पडली. ती काढायला सना पालथी पडून हात घालत होती, तेव्हा सरांनी तिला ओढून घेतलं. सकाळी मी गेलो तर वेल्डर टोपण बसवत होता आणि सर पायरीवर बसलेले.

"हरलो बे," ते म्हणाले. "खर्च कुणी करायचा, कळलं आज. ज्याचं लेकरू जवळ, त्यानं."

त्या हिवाळ्यात सर गेले. छातीतच कळ आली.

महिन्याभरात त्याच गल्लीत त्यांच्या नावानं नवं बोअर घ्यायचं ठरलं. जुन्याच्या टोपणावरच पाहुण्यांची खुर्ची मांडलेली! नगरसेवकानं नारळ फोडला. मी सरांच्या भावाकडून आणलेला दुसरा पुढे केला. "हा बंद करायच्या दिवसासाठी," मी सरांसारखंच म्हणालो.

"अरे वा, दोन दोन!" म्हणत त्यानं तोही दगडावर आपटला. अडवणार तोवर खोबऱ्याचे तुकडे वाटूनही झाले.

सनाच्या वाट्याला नुसती करवंटी आली.