ओल्या मक्याचा कोरडा रिपोर्ट

"रिकामे रकाने भरून टाक ना, त्यात काय एवढं?" वानखेडे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. औरंगपुऱ्यात त्यांचं छोटं ऑफिस आहे. लोकांचा डेटा साफ करून द्यायचा, त्याचे ग्राफ काढायचे, हे आमचं काम. मी तिथं ॲनालिस्ट.

क्लायंट होते सिल्लोडचे मक्याचे व्यापारी फिरोजभाई. मक्याच्या प्रत्येक ढिगाचं मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, त्यांची माणसं मशीननं मोजून मोबाइलवर भरत. कोरडा ढीग सायलोत, म्हणजे पत्र्याच्या उंच कोठीत जायचा. ओला आधी वाळवायचा. कोणता ढीग कुठं, हे आमच्या रिपोर्टवरून ठरायचं. आणि बरेच आकडे गायब होते.

रिकाम्या जागी अंदाजानं आकडा भरण्याला इम्प्युट करणं म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटन असतं. शनिवार होता, घरी जायची घाई होती. मी 'सरासरी' निवडली आणि बटन दाबलं. सगळे ढीग कोरडे निघाले. तसाच रिपोर्ट पाठवून दिला.

जो ग्राफ आधी बघायचा असतो, तो मी सोमवारी उघडला. त्यात गायब आकडे लाल दिसतात. ते इकडेतिकडे विखुरलेले असले तर फार काळजी नसते. इथं परतीच्या पावसानंतरच्या दिवसांवर लालभडक पट्टा होता. मी लगेच सिल्लोडला फोन लावला.

"फिरोजभाई, पावसानंतरचे आकडे कुठं आहेत?"

"मशीनवर आलेच नाय ना साहेब. नुसत्या रेघा यायल्या होत्या."

"अहो, रेघा म्हणजे मका मशीनला मोजता येणार नाही इतका ओला! तसं लिहायचं ना."

"रेघा कशा लिवायच्या? तुमचा फॉर्म आकडाच मागतो. दिलं सोडून. अन् तुम्हीच कोरडा म्हणून पाठवलं की! सगळा माल सायलोत चढवला." मग म्हणाले, "तरीच सकाळपासून वास यायलाय."

ओला मका कोंडला की तापतो, बुरशी धरतो. हा मका कोंबड्यांच्या खाद्यात जाणार होता.

"सायलो रिकामी करा, भाई. चूक माझी आहे."

"या अल्लाह! कंप्युटरवाले तुम्ही, अन् फावडं आम्ही मारायचं?"

फोन ठेवून सरांना सांगितलं. सर म्हणाले, "सरासरी कशी चुकेल?"

"सर, गायब होते ते सगळे ओलेच ढीग. कोरड्यांची सरासरी मी त्यांना चिकटवली."

"बरं. फिरोजभाईंना मेलमध्ये 'तांत्रिक अडचण' लिही."

मी 'माझी चूक' असं लिहिलं.

बराच मका उन्हात पसरून वाचला. मधला काळा पडला होता, तो फेकावा लागला. तो मी बघायला गेलो होतो. फिरोजभाईंनी चहा पाजला, तेव्हा जास्तच लाज वाटली.

सरांनी यावर उपाय काढला. आता आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जातच नाही. ग्राफवर लाल ठिपका नाही. पाऊस पडो न पडो, सिल्लोडचा प्रत्येक ढीग चौदा टक्के, म्हणजे कोरडाच; रेघा आल्या तरी माणसं तोच आकडा टाकतात. सर मीटिंगमध्ये अभिमानानं सांगतात, डेटा पूर्ण आहे. रिकामा रकाना निदान काहीतरी राहिलंय एवढं तरी सांगायचा. आता तेही कळत नाही, म्हणून मी रोज सकाळी सिल्लोडला फोन करतो.